सातव्या घडीखालचा केस

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार

डायरी गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे पानावर शनिवार छापलाय. मी खोडून सोमवार केला. फुकटच्या डायरीत एवढं चालायचंच.

दिली नानासाहेबांनी. नानासाहेब म्हणजे रस्त्यापलीकडच्या पंपांच्या कारखान्याचे लेबर ऑफिसर. डोक्याला टोपी नसते, पण बोलणं टोपी घातल्यासारखं.

"हिंदुराव," म्हणाले, "आमची माणसं तुमच्याकडे मालिशला येतात. कोण आलं, काय दुखतं, कशानं दुखलं, तुम्ही काय केलंत, सगळं तारखेनिशी वहीत लिहीत चला. साहेबाला कागद दाखवल्याशिवाय काही पटत नाही."

त्यासाठी लाल पुठ्ठ्याची वेगळी वही घातलीय. ही डायरी माझी. वहीत लिहिण्यासारखं नसेल ते इथं.

साहेबाला पटवायचं काय, तर कारखान्याच्या गेटाला लागून, वॉचमनच्या चौकीशेजारी, एक खोली रिकामी आहे. विटांची, आत नळ. कारखान्याचा मालिशवाला म्हणून ती मला मिळायचं घाटतंय. दारावर नावाची पाटी लागेल. संक्रांतीनंतर ठरेल. तोवर माझ्या हातानं माणसांचे किती खाडे वाचतात ते बघणार.

बाराव्या वर्षी गाव सोडलं. पुण्याच्या तालमीत पैलवानांच्या अंगाला तेल लावत वाढलो, तिथल्याच वर्तमानपत्रांवर अक्षरं गिरवली. माझं नाव आजवर कुठल्याच भिंतीवर लागलेलं नाही. दुपारपासून तीन वेळा रस्ता ओलांडून खोली बघून आलो. तिसऱ्या वेळी वॉचमन म्हणाला, "काय वस्ताद, खोली पळून जाईल म्हणून भ्या वाटतंय का?"

२२ नोव्हेंबर, गुरुवार

गोजाबाई काळेवाडीहून पाला घेऊन आली. सत्तरीची बाई, पण पवनेच्या काठची निर्गुडी स्वतः तोडते, भारा स्वतः डोक्यावर घेते. दोन वर्षं आमचं असं चाललंय की हात माझे आणि औषध तिचं. ती तेल नि लेप करते, मी चोळतो. नुसत्या मालिशनं जी सांध्याची दुखणी हटत नाहीत ती तिच्या तेलानं हटतात, हे मी कुणापुढेही कबूल करीन.

तेलात निर्गुडीचा रस, लसूण, ओवा आणि बचनाग. बचनाग म्हणजे विषारी मूळ. पुण्याच्या काष्ठौषधीवाल्याकडून मी आणतो, ती गोमूत्रात तीन दिवस भिजत घालते, रोज बदलते, मग दुधात उकळते. एवढं करून कढईभर तेलात घालते नखाएवढा तुकडा.

आज मला विचारते, "मालिश झाल्याव हात धुतूस का रं?"

"गोजाबाई, मालिशवाल्यानं तापलेला हात पाण्यात घालू नये. मनगटात वात शिरतो. आमच्या वस्तादांची शिकवण."

"तुज्या वस्तादाच्या तेलात बचनाग हुता व्हय?"

"नव्हता. नुसतं तिळाचं."

"मंग? राखंनं धू. राखंनं वात न्हाई शिरत."

मी हसलो. तालमीत हात मातीला पुसायचो, इथं धोतराला पुसतो. तंबाखू मळून तिला चिमूट दिली तर म्हणाली, "तुज्या हातची नगं." दोन वर्षांची ओळख, माझ्या घरचं पाणी पिते, आणि तंबाखूला सोवळं. म्हाताऱ्या माणसांचं कळत नाही. चिमूट मीच तोंडात टाकली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

भिमाजी फिटर आला होता. खांदा धरलेला. अंगणात पाऊल टाकलं तेव्हाच मला कळलं होतं, कारण डावं पाऊल जड पडत होतं. खांद्याचं दुखणं माणूस पायानं तोलतो. माझे कान असे आहेत. बोटांचं तर विचारूच नका.

चोळून झाल्यावर म्हणाला, "वस्ताद, तुमच्या हाताला तोड नाही. पण तुम्ही पाच संध्याकाळी सांगता आणि माझ्याकडे एकच आहे. उद्या सकाळी सातचा भोंगा."

"दोन दिवस रजा टाक."

"रजा टाकायची तर तुमच्याकडे कशाला येऊ? घरी झोपून फुकट बरा होईन."

बोलला ते खरं. आमचं औषध शेतकऱ्याच्या दुखण्याचं आहे, आज नाही तर उद्या. भोंग्याला उद्या चालत नाही.

संध्याकाळभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी मीच कढई चढवली. बचनाग दुप्पट घातला. दुपटीहून थोडा अधिकच. पुढच्या खेपेसाठी कालच गोमूत्रात भिजत घातला होता, एकच रात्र झालेली, दुधाचं राहूनच गेलं. गोजाबाईला सांगितलं नाही. लाल वहीत 'निर्गुडीचं तेल' एवढंच लिहिलं. ते खोटं नाही, निर्गुडी आहेच त्यात.

४ डिसेंबर, मंगळवार

भिमाजी हसत आला. "वस्ताद, काय जादू केलीत? खांदा आहे की नाही तेच कळेना!" सोबत त्याच्या खात्यातले चौघे. कुणाची कंबर, कुणाचं कोपर. चोळलं की घटकाभरात दुखणं झोपतं, सकाळी माणूस भोंग्याला हजर.

पाचही जणांना चोळून बसलो, तंबाखू मळली, तोंडात टाकली. थोड्या वेळानं ओठांना मुंग्या आल्या, जीभही जरा जड वाटली. चुना फार तिखट निघालाय. दुकान बदलायला पाहिजे.

११ डिसेंबर, मंगळवार

आमच्या वस्तादांची एक परीक्षा होती. घोड्याच्या शेपटीचा एक केस पाटावर ठेवायचे, वर धोतराची एक घडी. म्हणायचे, बोट फिरव आणि केस कुठं आहे सांग. सापडला की दुसरी घडी. तालमीत पंचवीस पोरं होती, चौथ्या घडीपुढे कुणी गेलं नाही. मी सातव्या घडीखालचा केस सांगायचो. वस्ताद म्हणाले होते, "हिंद्या, तुझ्या बोटांना कान आहेत."

अजून दर पंधरवड्याला ही परीक्षा घेतो. केस शालन ठेवते, म्हणजे माझी बायको. माहेर चाकणचं, कांद्याच्या खळ्यावर वाढलेली, फसवता येत नाही. आज पाच घड्यांवर अडलो. सहाव्याला दोन वेळा चुकलो. धोतर नवं आहे, गिरणीच्या कपड्याला आजकाल खळ फार देतात. जुनं धोतर काढून ठेवायला सांगितलं.

१९ डिसेंबर, बुधवार

बसवत नाही. झोपलो तर काळीज मध्येच एक ठोका गाळतं आणि पुढचे दोन घाईनं उरकतं. उठलो, आकुर्डीपर्यंत चालत गेलो, परत आलो. परत आलो तर पुन्हा जावंसं वाटलं. ही खोलीची हुरहूर आहे. लग्नाआधी अशी झाली होती, तेव्हाही जेवण जात नव्हतं.

शालननं आज चहा बशीत ओतून, निववून दिला. म्हटलं, "मी काय लहान आहे का?" म्हणाली, "घाईत असता तुम्ही, म्हणून." परवापासून कढईही तीच उतरवते. परवा मी उतरवली तेव्हा कातडं जळाल्याचा वास आला, म्हणून पाहिलं तर माझंच बोट कडीला टेकलेलं. आधी वास आला, मग कळलं. लक्ष कुठं असतं देव जाणे.

२७ डिसेंबर, गुरुवार

आज बावीस माणसं. रांग रस्त्यापर्यंत. नानासाहेब स्वतः बघून गेले. ओतशाळेचे, म्हणजे लोखंड ओततात त्या खात्याचे, खाडे निम्म्यावर आलेत म्हणाले. "संक्रांतीला वही घेऊन या. साहेबाच्या टेबलावर मी स्वतः ठेवतो."

पाटीवर काय लिहायचं यावरून शालनशी भांडलो. मी म्हटलं, 'हिंदुराव वस्ताद, मालिश व औषधोपचार.' ती म्हणाली, "औषध गोजाबाईचं. तिचं नाव कुठं?" पाटीवर बाईचं नाव शोभेल का, असं मी म्हटलं. ती गप्प बसली. गप्प बसली की तिचं म्हणणं मला जास्त ऐकू येतं.

३ जानेवारी १९५७, गुरुवार

डायरी संपली म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून धरलीय, ती पानं कोरीच होती. आता गुरुवारच्या जागी सोमवार छापलेला आहे. चालू द्या.

आज ज्योतीराम आला. बीडकडचा गडी, ओतशाळेत साच्याच्या पेट्या उचलतो. पाऊल ठीक होतं, श्वास ठीक नव्हता, दातांतून घेत होता.

"वस्ताद, दार लावा आधी."

"का रे, चोरी करून आलास?"

"पेटी निसटली मव्ह्या हातातून. आन् मी बी पडलो, ह्या तळव्यावर. कुणाला बोललो न्हाई. मार्चात कायम करायलेत. एक खाडा झाला तर नाव मागं सरकतंय. घरी बाईला सातवा महिना हाय."

उजवं मनगट, अंगठ्याच्या मुळाशी सूज. हात मांडीवर घेतला, बोटं लावली, मनगट फिरवलं. कानाला बारीक कर्र असं आलं, वाळली शेंग दाबावी तसं. बोटांना मात्र काही लागलं नाही. त्याच वेळी रस्त्यानं बैलगाडी चालली होती, तिचा आस असेल. पुन्हा फिरवलं, पुन्हा कर्र. गाडी तोवर पुढे गेली होती.

पण बोटं म्हणाली, हाड शाबूत आहे. तीस वर्षं या बोटांचं ऐकून भाकरी खाल्ली, आज कानाचं काय ऐकायचं? वहीत लिहिलं: 'ज्योतीराम, ओतशाळा. कामावर साच्याची पेटी निसटून उजव्या हातावर पडला. हाड शाबूत. मालिश व तेल.' वही संक्रांतीला जायची, तोवर त्याचं मनगट बरं होऊन जाईल.

तेल मुरल्यावर त्यानं मूठ वळली. "आयला, दुखतच न्हाई की वस्ताद! देवमाणूस हायसा तुमी."

तो गेला. तंबाखू मळायला बसलो तर चिमटीत चुना आला की नाही ते बघावं लागलं.

५ जानेवारी, शनिवार

ज्योतीराम पुन्हा तेल लावून गेला. म्हणाला, "हात मव्हा न्हाईच असं वाटायलंय, पर काम व्हायलंय." कालपासून पेट्या उचलतोय.

जाताना डबा उचलला तो डाव्या हातानं. कडीचा आवाज वेगळा येतो डाव्या हातानं उचललं की. उजव्या हाताचा माणूस आहे तो.

जेवण गेलं नाही. ओठांच्या मुंग्या आता गालापर्यंत आल्यात. चुन्याचं दुकान तर बदललं होतं.

८ जानेवारी, मंगळवार

हे नीट लिहायला पाहिजे.

दुपारी, माणसं यायच्या आत, शालनला केस ठेवायला सांगितलं. जुनं मऊ धोतर घेतलं. म्हटलं, आज तीनच घड्या, उगाच जीवाला त्रास नको. डोळे मिटून बोट फिरवलं. मध्यभागी, जरा डावीकडे, काहीतरी आहेसं वाटलं. म्हटलं, "हा बघ. इथं."

तिनं हात पुढे केला नाही.

"उचल की घडी."

तिनं एकेक करून तिन्ही घड्या उलगडल्या. खाली पाट. केस नव्हता.

"पडला वाटतं," मी म्हटलं.

"पडला नाही. मी ठेवलाच नव्हता."

"म्हणजे?"

"मागच्या पंधरवड्यालाही नव्हता ठेवला. तेव्हाही तुम्ही 'हा बघ' म्हणालात, आणि घडी उचलायच्या आत मी तांब्या पाडला, म्हणून तुमचं लक्ष गेलं नाही."

"माझी परीक्षा घेतेस?"

"तीन आठवडे झाले, तुमचा चहा मी बशीत ओततेय. का ओततेय, विचारलंत एकदा तरी? मांडीवर सांडून घेतला होतात, आठवतं? तुम्हाला पेला गरम आहे तेच कळत नव्हतं. मागच्या आठवड्यात मी तुमच्या करंगळीला सुई लावली. झोपला नव्हतात. वाचत होतात."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. मग तीच सुई घेऊन एकेक बोट टोचून पाहिलं. अंगठा, तर्जनी, मधलं. रक्ताचा थेंब आला आणि मी तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत बसलो. 'खांदा आहे की नाही तेच कळेना' म्हणत भिमाजी हसला होता तो डोळ्यांपुढे आला. आणि मग ज्योतीरामचं मनगट. कर्र. गाडी पुढे गेल्यावरसुद्धा कर्र.

"त्याचं हाड मोडलंय," मी म्हटलं.

"कुणाचं?"

उत्तर द्यायला थांबलो नाही. तीनचा भोंगा होऊन गेला होता. ज्योतीराम आत होता, पेट्या उचलत.

गेटावर वॉचमन म्हणाला, "वस्ताद, पायात वहाण नाही तुमच्या." मी म्हटलं, नानासाहेबांना बोलव. ते हातात पेन घेऊनच आले.

"ज्योतीरामला बाहेर काढा. मनगट मोडलंय त्याचं."

"भट्टी चालू आहे, हिंदुराव. भरल्या शिफ्टमधून माणूस असा काढता येतो का? आणि तुम्हाला कसं कळलं?"

"पाच दिवस झाले, मीच पाहिलं होतं. कानाला ऐकू आलं होतं."

"आणि बोटांना? तुमच्या बोटांचं तर सगळा कारखाना सांगतो."

"बोटांना काही कळत नाही, नानासाहेब. महिना झाला. मला आज समजलं."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग वॉचमनला म्हणाले, "ओतशाळेत जा. म्हणावं, मी बोलावलंय."

ज्योतीराम आला तो मला बघूनच समजला. काजळीनं तोंड काळं, डोळे तेवढे पांढरे. "वस्ताद, काय केलंत तुमी हे? दार लावून सांगितलं व्हतं की तुमाला!"

"हात दाखव साहेबांना."

"काय झालंय हाताला? ह्ये बघा!" आणि त्यानं तिथला पाण्याचा हंडा उजव्या हातानं उचलून दाखवला. भरलेला. मला तो आवाज पुन्हा ऐकू आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. न दुखणाऱ्या माणसाचं हाड वाजताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी दोन्ही हातांनी हंडा हिसकावून घेतला.

कारखान्याच्या गाडीतून त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. मलाही बसवलं. दापोडीचा पूल गेला, खडकी गेली, तो खिडकीबाहेर बघत होता आणि मी त्याच्या मनगटाकडे. फोटो काढला. हाड तडकलंय, पण अजून जागेवर आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर ओझं उचललं असतं तर सरकलं असतं आणि मूठ पुन्हा नीट वळली नसती. दोन महिने प्लास्टर.

१० जानेवारी, गुरुवार

काल सबंध दिवस हिंडलो. कुणाला चोळलं नाही. माणसं आली आणि गेली. भिमाजी म्हणाला, "वस्ताद, निदान तेल तरी द्या, मी बायकोकडून चोळून घेतो." दिलं नाही. चिडला.

आज नानासाहेबांनी सांगितलं ते असं. कामावर इजा झाली असेल तर खाडा धरत नाहीत, नाव मागं जात नाही. पण ओतशाळेचा मुकादम म्हणतो, माझ्यासमोर कुणी पडलं नाही, घरी पडला असेल. ज्योतीरामनंही कुणाला सांगितलेलं नाही. घरची इजा म्हटली की दोन महिन्यांचे सगळे खाडे, आणि बदली कामगाराला मग कोण ठेवतंय?

"आधी बोलला असता तर गोष्ट वेगळी," नानासाहेब म्हणाले. "आता कागद कुठाय?"

कागद माझ्याकडे आहे. लाल वहीत, तीन तारखेला, माझ्या अक्षरात. 'कामावर साच्याची पेटी निसटून.' आणि पुढच्याच दोन शब्दांत, 'हाड शाबूत.'

घरी येऊन वही उघडली, मिटली. मन म्हणालं, ज्योतीराम जन्मापासून पेट्या उचलत आला आहे, दुसरीकडे उचलील. दुसरं मन म्हणालं, 'हाड शाबूत' एवढंच खरवडून काढता येईल, ब्लेडनं. ब्लेड हातात घेतलं सुद्धा. पण बोटांना पातं लागतच नव्हतं. कागद कापतोय की बोट, ते डोळ्यांनी बघत राहावं लागत होतं. असा बघत असताना शालन दारात येऊन उभी राहिली.

वही तशीच घेऊन गेलो.

नानासाहेबांनी उभ्यानंच वाचली. पहिल्यांदा मनात, मग मोठ्यानं. "'कामावर साच्याची पेटी निसटून.' तारीख तीन. हे चालेल. हे उत्तम चालेल." मग थांबले. "पुढचंही साहेबाला दिसणार, हिंदुराव."

"दिसू द्या."

"खोलीचं मग..."

"कळतं मला."

"पान वहीतच राहील. मी काही काढू शकत नाही, काही झाकू शकत नाही. कागद म्हणजे कागद."

"तुम्हीच लिहायला सांगितलं होतंत," मी म्हटलं, आणि दोघांनाही हसू आलं. फार नाही.

१४ जानेवारी, सोमवार, संक्रांत

गोजाबाई तिळगूळ द्यायला आली. मी नेमका एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची कंबर चोळून बसलो होतो. गयावया करत होता म्हणून केलं, तेही हलक्या हातानं. तंबाखू मळत होतो. तिनं पुढे येऊन माझ्या हातावर अशी चापट मारली की तंबाखू भिंतीवर.

"आरं मुडद्या! त्याच हातानं? रोज?"

"तंबाखू का? रोजच."

"आन् हात धुवत न्हाईस."

"वात..."

"तुजा वात गेला चुलीत!"

तिनं तेलाचं भांडं उचललं, बोट बुडवलं, ओठाला जरासं लावलं आणि लगेच थुंकली. दोन वेळा चूळ भरली. मग हळू आवाजात विचारलं. तो हळू आवाज चापटीपेक्षा वाईट होता.

"किती घातलास?"

सांगितलं.

"तीन दिस ठिवलास?"

"एक रात्र."

"दुधात?"

मी मान हलवली.

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. परसात गेली, खुरप्यानं खड्डा खणला, भांड्यातलं सगळं तेल ओतलं, वर माती, मातीवर दगड. म्हणाली, "माजं नशीब, वहीत माजं नाव न्हाई." मला पाटीची आठवण झाली.

मग मला चुलीपाशी बसवून राखेनं हात धुवायला लावले. एकदा, दोनदा, नखांत काडी घालून. मी मोजलं, सात वेळा. नंतर माझ्याच हातात तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "आता दे मला." मी दिला. तिनं घेतला, खाल्ला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की तिचं तंबाखूचं सोवळं ते कसलं होतं.

तरी लिहून ठेवतो, ओल्या हातांनी संध्याकाळभर मनगटं जड वाटत होती. वस्ताद सगळंच चुकीचं सांगत नसणार.

२२ जानेवारी, मंगळवार

गेटाजवळच्या खोलीत आता एक कंपाउंडर बसतो. पाटी लागली. जाताना मी ती वाचत नाही, पण रंग ओला असल्याचा वास चार दिवस येत होता.

तंबाखू बंद केलीय. मुंग्या गेल्या. काळीज आपल्या चालीनं चालतं. तरी बसवत नाही. या खेपेला कारण माहीत आहे, एवढाच फरक. बोटं अजून मुकी आहेत. जन्मभर अशीच राहिली तर काय करायचं, हे शालनला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. कांद्याच्या खळ्यावर मुकादमी मिळेल, एवढं मात्र एकदा जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाली.

२९ जानेवारी, मंगळवार

ज्योतीराम आला. हात गळ्यात, प्लास्टरवर कुणीतरी पेन्सिलीनं फूल काढलेलं. बसला.

मग म्हणाला, "नाव मागं गेलं न्हाई."

"ऐकलं मी."

"तुमची खोली गेली म्हणं."

"माझी कुठं होती."

उठता उठता म्हणाला, "बाईनं इचारलंय, पायाला लई सूज येतीया तिच्या. तुमची ती म्हातारी काही पाला देईल का? तेल नगं. तेलाला भ्यायली ती."

"गोजाबाईला विचारतो. पण सातव्या-आठव्या महिन्यातली सूज म्हणजे आधी डॉक्टरणीला दाखव. पाल्याचं मग."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमी बी डॉक्टरकडं धाडायलात आता?"

"धाडायलोय," मी म्हटलं. त्याची बोली माझ्या तोंडात आली म्हणून हसला. अंगणातून जाताना पावलं ऐकली. दोन्ही सारखी पडत होती.

३ फेब्रुवारी, रविवार

नवं तेल आलं. गोजाबाईनं तीन दिवस, दूध, सगळं केलं, आणि तिच्या मापानं घातलं. मी बाजूला बसून पाहिलं, हात लावला नाही. पाच संध्याकाळी लागतील. ज्यांना भोंग्याची घाई आहे ते येत नाहीत. दोघे आले. दोघांनाही सांगितलं, माझ्या बोटांना सध्या दिसत नाही, कानावर चाललंय. एक उठून गेला. दुसरा म्हणाला, "कान तर कान, चोळा."

दुपारी शालन पाट घेऊन आली. मी काही म्हटलं नव्हतं. जुनं धोतर, एकच घडी.

डोळे मिटले. बोट फिरवलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. कपडा लागला. म्हणजे खरंच लागला, ताणा आणि बाणा वेगळा, बऱ्याच दिवसांनी. केस लागला नाही. पुन्हा फिरवलं. मनात आलं, कडेला आहे म्हणावं, बहुतेक कडेलाच ठेवते ती.

"सापडला?"

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघा."

"नाही, शालन. नाही सापडत."

तिनं घडी उलगडली. पाट रिकामा होता. तिनं आजही काही ठेवलं नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिनं पदराच्या गाठीतून तो केस काढला. इतके दिवस तिथंच बांधलेला होता.

"आता ठेव," मी म्हटलं, आणि डोळे मिटून घेतले.